निर्दोष मातेची अट : ‘व्हेअर आर द चिल्ड्रेन?’ आणि तिची समीक्षा

मेरी हिगिन्स क्लार्क (१९२७–२०२०) यांची ‘व्हेअर आर द चिल्ड्रेन?’ ही कादंबरी १९७५ साली न्यूयॉर्कच्या सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. अकाली वैधव्य, पदरात पाच मुले, नोकरीवर जाण्यापूर्वी भल्या पहाटे स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून केलेले लेखन, तीन हजार डॉलरला गेलेले हस्तलिखित आणि त्यानंतर थोड्याच काळात एक लाख डॉलरला विकले गेलेले पेपरबॅकचे हक्क, ही या कादंबरीची जन्मकथा अमेरिकन प्रकाशनव्यवहारात आख्यायिकेसारखी सांगितली जाते. ती खरीही आहे. मात्र लेखिकेच्या चरित्राने कादंबरीच्या चिकित्सेची जागा घ्यावी, हे या पुस्तकाच्या बाबतीत जितके घडले तितके क्वचितच घडले असेल. पन्नास वर्षे हे पुस्तक वाचले जात आहे. त्याच्या वेगाची, उत्कंठेची आणि त्यातील सोज्ज्वळतेची वाखाणणी झाली, लेखिकेला ‘सस्पेन्सची सम्राज्ञी’ हे बिरुद मिळाले; परंतु मुलांच्या अपहरणाची ही कथा मातेविषयी नेमके काय गृहीत धरते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. लोकप्रिय वाङ्मयाला असे प्रश्न विचारायचे नसतात, असा एक अलिखित संकेत समीक्षेत दीर्घकाळ रूढ होता. प्रस्तुत कादंबरी त्या संकेताची लाभार्थी आहे आणि बळीही.

कथानक थोडक्यात असे. नॅन्सी हार्मन ही कॅलिफोर्नियातील एका प्राध्यापकाची तरुण पत्नी. तिच्या दोन लहान मुलांचा खून होतो, आरोप तिच्यावरच येतो आणि तिला देहान्ताची शिक्षा होते. ज्यूरीतील सदस्यांच्या गैरवर्तनामुळे ती शिक्षा रद्द ठरते. महत्त्वाचा साक्षीदार नाहीसा झाल्याने खटला पुन्हा उभा राहत नाही. पती कार्ल याने आत्महत्या केली असे मानले जाते. सुटलेली, पण निर्दोष न ठरलेली नॅन्सी केसांचा रंग बदलून देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड येथे जाऊन राहते. रे एल्ड्रेज या सज्जन गृहस्थाशी विवाह करते. मायकेल आणि मिसी ही दोन मुले होतात. पहिल्या मुलांच्या मृत्यूला सात वर्षे होत असताना एके सकाळी स्थानिक वृत्तपत्रात जुन्या खटल्याची हकीकत तिच्या छायाचित्रासह छापून येते आणि त्याच सकाळी अंगणात खेळणारी दोन्ही मुले दिसेनाशी होतात. झोपाळ्यापाशी उरतो एक लाल हातमोजा. पुढचे सारे कथानक त्या एका दिवसात घडते.

मराठीत ‘रहस्यकथा’ हा एकच शब्द दोन भिन्न रचनाबंधांसाठी वापरला जातो, त्यामुळे येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली केलेल्या प्रसिद्ध वर्गीकरणात शोधकथा, थरारकथा आणि या दोहोंच्या मध्ये उभी असलेली सस्पेन्स-कादंबरी असे तीन प्रकार मानले आहेत. शोधकथेत गुन्हा आधीच घडून गेलेला असतो आणि वाचकाचे कुतूहल भूतकाळाकडे वळलेले असते. थरारकथेत धोका पुढे असतो आणि वाचकाची उत्कंठा भविष्याकडे लागलेली असते. सस्पेन्स-कादंबरी भूतकाळातील कोडे टिकवून ठेवते, पण आपला भार भविष्यावर टाकते. तिचा एक उपप्रकार तोदोरोव्ह असा सांगतात की, ज्याच्यावर संशय आहे त्यालाच आपले निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी सत्य शोधून काढावे लागते. क्लार्क यांची कादंबरी या उपप्रकाराच्या अगदी जवळ जाते. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की येथे संशयित व्यक्ती शोध घेत नाही. ती खचून गेलेली आहे. सत्य तिच्या आत आहे आणि ते बाहेर काढण्याचे काम इतरांना करावे लागते.

निवेदन तृतीयपुरुषी आहे. ते एका पात्राच्या जाणिवेतून दुसऱ्याच्या जाणिवेत झपाट्याने जाते. प्रकरणे आखूड आहेत. महत्त्वाची गोष्ट ही की, कादंबरीचा आरंभ अपहरणकर्त्याच्या जाणिवेतून होतो. उंचावरच्या एका भाड्याच्या घरातून तो एल्ड्रेज कुटुंबाच्या घरावर नजर ठेवून आहे. नॅन्सीची आणि वाचकाची भेट होण्यापूर्वीच वाचकाला कळलेले असते की मुले नाहीशी होणार आहेत आणि त्यांना नाहीशी करणारा हा आहे. त्यामुळे पोलीसप्रमुख, शेजारी, वृत्तपत्रवाले सगळे ज्या प्रश्नाभोवती फिरतात, म्हणजे हिनेच पुन्हा केले काय, तो प्रश्न वाचकाच्या दृष्टीने पहिल्या पानावरच निकालात निघालेला असतो. रहस्य उरते ते अपहरणकर्त्याच्या नावाचे. कोर्टनी पॅरिश हे त्याचे घेतलेले नाव आहे. तो कोण, हे बऱ्याच उशिरा उलगडते. तो कार्ल हार्मन आहे. आत्महत्येचा देखावा करून निसटलेला, बालकांविषयी विकृत लालसा बाळगणारा, आपल्याच मुलांचा मारेकरी.

ही योजना बारकाईने पाहिली तर तिच्यात एक विलक्षण विभागणी दिसते. कृत्य कोणी केले हे वाचकाला आरंभापासून ठाऊक आहे. करणाऱ्याचे नाते तेवढे ठाऊक नाही. लपवलेला आहे तो गुन्हेगार नव्हे, त्याचे पितृत्व आणि पतित्व. कादंबरीच्या यशाचे वर्म या लपवणुकीत आहे आणि तिच्या मर्यादेचे मूळही येथेच सापडते. शोधकथेतील वाचक सगळ्यांवर संशय घेतो, म्हणजेच स्वतः चुकण्याची जोखीम पत्करतो. क्लार्क यांच्या वाचकाला ती जोखीम नाही. गाव नॅन्सीवर संशय घेते तेव्हा वाचक गावाहून शहाणा असतो. पोलीसप्रमुख तिला दरडावतो तेव्हा वाचकाला त्याचा राग येतो. अविश्वासाचे पाप इतरांच्या माथी, करुणेचे पुण्य वाचकाच्या पदरी, अशी ही सोय आहे.

*

ही सोय किती अर्थपूर्ण आहे हे समजण्यासाठी कादंबरीच्या उगमाकडे जावे लागते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील अ‍ॅलिस क्रिमिन्स खटल्यावरून आपल्याला ही कल्पना सुचली, असे क्लार्क यांनी स्वतः सांगितले आहे. जुलै १९६५ मध्ये एका सकाळी क्रिमिन्स यांची दोन्ही लहान मुले झोपायच्या खोलीतून नाहीशी झाली. मुलीचा मृतदेह त्याच दिवशी सापडला, मुलाचा काही दिवसांनी. पतीपासून विभक्त झालेली, मुलांच्या ताब्यासाठी त्याच्याशी कायदेशीर झगडा चालू असलेली, मद्यगृहात वाढपिणीचे काम करणारी, प्रियकर असल्याचे न लपवणारी ही स्त्री. तपास करणाऱ्यांचा संशय सुरुवातीपासून तिच्यावर होता. तिने रडावे तसे ती रडली नाही, दाराबाहेर पडताना तोंडाला रंग लावला, घट्ट विजारी घातल्या, या गोष्टी वृत्तपत्रांनी जणू पुराव्यासारख्या छापल्या. १९६८ मध्ये संपूर्ण पुरुषांच्या ज्यूरीने तिला मुलीच्या बाबतीत सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. ज्यूरीतील काही सदस्य परवानगीशिवाय घटनास्थळ पाहून आले होते, म्हणून तो निकाल रद्द झाला. १९७१ मध्ये दुसरा खटला झाला; या वेळी मुलाच्या खुनाचाही आरोप सिद्ध मानला गेला. १९७३ मध्ये तोही निकाल फिरला, १९७५ मध्ये सर्वोच्च राज्य न्यायालयाने मुलीविषयीची शिक्षा पुन्हा कायम केली आणि १९७७ मध्ये क्रिमिन्स यांची पॅरोलवर सुटका झाली. आपण निर्दोष आहोत हे त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत कायम होते. मुलांचे काय झाले याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही.

म्हणजे ज्या वर्षी क्लार्क यांची कादंबरी बाहेर पडली त्याच वर्षी मूळ खटल्याचा अखेरचा निकाल लागत होता आणि केनेथ ग्रॉस यांचे त्या खटल्यावरचे पुस्तकही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. मूळ घटनेच्या कितीतरी खुणा कादंबरीत उतरल्या आहेत : दोन मुले, एक मुलगा आणि एक मुलगी, ज्यूरीच्या गैरवर्तनाने रद्द झालेला निकाल, वृत्तपत्रांची भूमिका. नॅन्सीच्या दुसऱ्या संसारातील मुलीचे ‘मिसी’ हे नाव तर क्वीन्समधील मृत मुलीचे घरातले लाडके नाव होते. एवढे सारे घेतल्यावर लेखिकेने काय गाळले, हे पाहण्यासारखे आहे. वाढपिणीच्या जागी गृहिणी आली. विभक्त, भांडणाऱ्या पत्नीच्या जागी पतीच्या धाकात आणि गुंगीत वावरणारी, जवळजवळ बालिशच राहिलेली पत्नी आली. प्रियकर गेले. तोंडाला लावलेल्या रंगाच्या जागी केसांना लावलेला रंग आला. क्रिमिन्स यांची रंगभूषा दिसण्यासाठी होती, नॅन्सीची न दिसण्यासाठी आहे. एका अदलाबदलीत सारे सामावले आहे.

समीक्षेने या बदलांकडे कल्पनेचे स्वातंत्र्य म्हणून पाहिले, आणि लेखिकेला ते स्वातंत्र्य आहेच. प्रश्न स्वातंत्र्याचा नाही, त्यातून उभ्या राहणाऱ्या युक्तिवादाचा आहे. क्रिमिन्स खटल्यातील मूलगामी अन्याय, ती दोषी असो वा नसो, हा होता की, स्त्रीच्या शीलावरून तिच्या मातृत्वाचा आणि मातृत्वावरून तिच्या गुन्ह्याचा निर्णय लावला गेला. जी स्त्री अशी वागते ती आपली मुले मारूही शकते, हे अनुमान त्या खटल्याच्या गाभ्याशी होते. क्लार्क यांना आरोपी मातेची बाजू घ्यायची आहे. ती त्या घेतातही, मनापासून घेतात. लोकप्रिय वाङ्मयात अशा स्त्रीच्या बाजूने इतक्या मोठ्या वाचकवर्गाला उभे करणे ही १९७५ मध्ये साधी गोष्ट नव्हती. पण बाजू घेण्यासाठी त्यांनी ते अनुमान मोडून काढले नाही, उलट त्याचा आधार घेतला. नॅन्सी निर्दोष आहे हे वाचकाला पटते ते पुराव्यावरून नव्हे (पुरावा पहिल्या पानावर आयताच मिळालेला असतो), तर तिच्या निरागसतेवरून. अभियोगपक्षाने जी कसोटी लावली तीच कादंबरी लावते, फक्त निकाल उलटा देते. आरोपी सुटते, कायदा तसाच राहतो.

या दृष्टीने कादंबरीतील मानसोपचारतज्ज्ञाचा प्रसंग वाचावा. लेंडन माइल्स हा डॉक्टर, जो एकेकाळी नॅन्सीच्या आईवर प्रेम करत होता, नॅन्सीला औषधाच्या अंमलाखाली आणतो आणि दबलेल्या आठवणी तिच्याकडून बोलवून घेतो. रचनेच्या दृष्टीने हा कादंबरीचा कणा आहे, कारण भूतकाळातील कोडे येथेच सुटू लागते, आणि वाचताना श्वास रोखला जातो हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या खोलीत कोण काय करत आहे ते पाहावे. पहिल्या पतीने या स्त्रीला गुंगीत ठेवून गप्प केले होते; आता दुसरा एक पुरुष तिला औषध देऊन बोलती करतो. दोन्ही वेळा तिच्या वाणीवर ताबा तिचा नाही. तिची जागेपणीची साक्ष न्यायालयाने नाकारली. गुंगीतली साक्ष मात्र खरी मानली जाते, कारण तिच्यात तिची इच्छा, तिची हुशारी, तिचे नियंत्रण यांपैकी काहीच मिसळलेले नाही. जाणीवपूर्वक बोलणाऱ्या स्त्रीवर विश्वास ठेवायला कादंबरी जणू कचरते. शेवटच्या प्रकरणांत नॅन्सी स्वतः त्या उंच घराकडे धावते, मुलांसाठी झुंजते, हे खरे. आणि तो भाग रंगलाही आहे. पण तोवर तिची निर्दोषता पुरुषांच्या एका लहानशा मंडळापुढे सिद्ध झालेली असते.

*

आता समीक्षेकडे. या कादंबरीच्या स्वीकृतीचे स्थूलमानाने तीन थर दिसतात. पहिला वृत्तपत्रीय परीक्षणांचा. त्याविषयी लिहिण्यासारखे फार नाही. गती, पकड, खाली ठेववत नाही हे गुणवर्णन, आणि उघड हिंसा व कामुकता टाळल्याबद्दल शाबासकी. ही शाबासकी पुढे क्लार्क यांच्या प्रत्येक पुस्तकाला मिळत गेली. पण बालकांविषयीच्या लैंगिक विकृतीवर उभ्या असलेल्या कथेला ‘स्वच्छ’ म्हणणे ही काय वस्तू आहे, याचा विचार परीक्षकांनी केला नाही. वर्णनातील संयम हा गुण खराच. तथापि ‘स्वच्छ’ हे विशेषण पुस्तकावरून नायिकेवर आणि नायिकेवरून पुस्तकावर इतक्या सहजपणे ये-जा करते की, दोहोंना एकच अट लागू आहे असे वाटू लागते.

दुसरा थर स्त्रीवादी समीक्षेचा. येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. जोआना रस यांनी १९७३ साली, म्हणजे कादंबरी येण्याच्या दोन वर्षे आधी, अमेरिकन बाजारातील आधुनिक ‘गॉथिक’ कादंबऱ्यांवर एक निबंध लिहिला. कोणीतरी मला मारू पाहत आहे आणि तो माझा नवराच असावा, या आशयाचे त्याचे शीर्षक आजही उद्धृत होते. त्या कादंबऱ्यांत दोन पुरुष असतात, एक कठोर आणि गूढ, दुसरा सौम्य आणि मायाळू. शेवटी कठोर पुरुष सज्जन निघतो आणि मायाळू पुरुष खलनायक, अशी त्यांची मांडणी आहे. क्लार्क यांचा कार्ल हा त्या मायाळू पुरुषाचा पूर्णावतार : वयाने मोठा, सुशिक्षित, पत्नीची लेकरासारखी काळजी घेणारा. ‘लव्हिंग विथ अ व्हेन्जन्स’ या १९८२ च्या ग्रंथात तानिया मोडलेस्की यांनी अशा गॉथिक कादंबऱ्यांना भयग्रस्त मनाच्या संहिता मानून स्त्रीवाचकाच्या दृष्टीने त्यांचे मोल वाढवले. स्त्रीच्या भयाला घरातच कारण असते आणि या कादंबऱ्या ते भय बिनबुडाचे नाही एवढे तरी तिला सांगतात, या दिशेने तो विचार जातो. या चौकटीत ‘व्हेअर आर द चिल्ड्रेन?’ उत्तम बसते. कदाचित फारच उत्तम बसते. नायिका अबला की प्रतिकार करणारी, शेवटी ती स्वतःला वाचवते की तिला वाचवले जाते, या वादात ही चौकट अडकून पडते. तिच्यातून नॅन्सी दिसते, पण नॅन्सी होण्यासाठी जिला पुसून टाकावे लागले ती स्त्री दिसत नाही. लिंडा पेल्झर यांनी १९९५ साली क्लार्क यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. कथानक, पात्रे, आशयसूत्रे अशा पाठ्यपुस्तकी विभागणीचे असले तरी या लेखिकेला सलगपणे वाचणारे ते पहिल्या पुस्तकांपैकी आहे, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे.

तिसरा थर अधिक सूक्ष्म आहे, कारण तो समीक्षकांनी नव्हे, काळाने चढवला. १९७९ मध्ये न्यूयॉर्कमधून आणि १९८१ मध्ये फ्लोरिडातून प्रत्येकी एक लहान मुलगा नाहीसा झाला आणि त्या घटनांनी सारा अमेरिकन समाज हादरला. १९८२ मध्ये हरवलेल्या मुलांविषयी संघराज्याचा कायदा झाला, १९८४ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, दुधाच्या खोक्यांवर मुलांची छायाचित्रे छापली जाऊ लागली. ‘अनोळखी माणसापासून सावध’ हा त्या दशकाचा मंत्र झाला. या वातावरणात क्लार्क यांची कादंबरी नव्या वाचकांनी वाचली, १९८६ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, आणि ती परक्याच्या भयाची कथा म्हणून लोकमानसात स्थिरावली. वस्तुतः कादंबरी याच्या नेमके उलट सांगते. अनोळखी नावाच्या आड पूर्वाश्रमीचा पती आहे. ज्या मुलांना त्याने मारले ती त्याचीच होती. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन सरकारी पाहणीत १९८८ या वर्षासाठी कुटुंबीयांनीच मुले पळवल्याच्या किंवा अडकवून ठेवल्याच्या सुमारे साडेतीन लाख घटनांचा अंदाज होता. त्यांत ताब्याच्या भांडणांतून उद्भवलेल्या सौम्य घटनाही पुष्कळ होत्या. परक्याने पळवून नेण्याच्या, वृत्तपत्रांना परिचित अशा घटना दोनशे ते तीनशे होत्या. क्लार्क यांनी १९७५ मध्ये ही आकडेवारी हाताशी नसताना बोट योग्य ठिकाणी ठेवले होते. त्यांच्या दृष्टीचे हे श्रेय त्यांना समीक्षेने द्यायला हवे होते. दिले गेले ते उत्कंठेचे श्रेय, आणि उत्कंठा ज्या गुपितावर उभी होती ते गुपित समीक्षेच्या दृष्टीने केवळ शेवटची कलाटणी राहिले.

क्लार्क यांची पुढची कादंबरी ‘अ स्ट्रेंजर इज वॉचिंग’ (१९७७) हीही अपहरणाचीच. एका लहान मुलाला आणि एका स्त्रीपत्रकाराला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाखाली कोंडून ठेवले जाते आणि दुसरीकडे एका निरपराध तरुणाच्या फाशीची वेळ जवळ येत असते. या कादंबरीला १९८० मध्ये फ्रान्समधील ‘ग्रां प्री द लितेरात्यूर पोलिसिएर’ हे पारितोषिक मिळाले. पारितोषिकामागची कारणे काहीही असोत, एक भेद डोळ्यांत भरतो. या कादंबरीत मृत्युदंडाचा वाद उघडपणे चर्चिला जातो आणि तो सार्वजनिक प्रश्न आहे हे वाचकाला सांगावे लागत नाही. नॅन्सीलाही देहान्ताची शिक्षा झालेली होती. तिच्या कथेत मात्र तो प्रश्न कोणाला आठवत नाही; मातेवरचा अन्याय हा प्रश्न न राहता दुःख होऊन बसतो.

*

लोकप्रिय वाङ्मयप्रकाराकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे संभवतो. बाजाराला निष्कलंक नायिका लागते. संशयास्पद माता घेऊन कोणता प्रकाशक पुढे आला असता? या आक्षेपाला उत्तर त्याच वाङ्मयप्रकारात, अठरा वर्षे आधी मिळते. एव्हलिन पायपर या टोपणनावाने मेरिअम मोडेल यांनी लिहिलेली ‘बनी लेक इज मिसिंग’ (१९५७) ही कादंबरी अविवाहित मातेची आहे. न्यूयॉर्कमध्ये नुकतीच आलेली ब्लांश लेक शाळेच्या पहिल्या दिवशी आपल्या मुलीला न्यायला जाते आणि अशा नावाची मुलगी तेथे कोणी पाहिलेलीच नसते. छायाचित्र नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. पोलिसांना आणि मानसोपचारतज्ज्ञाला वाटू लागते की मुलगी मुळात नसावीच. येथे वाचकाजवळही आयता पुरावा नसतो. ब्लांशवर विश्वास ठेवायचा तर तो तिच्या शब्दावर ठेवावा लागतो. न ठेवावा तर आपण कोणत्या आधारावर तिला वेडी ठरवत आहोत, याचा हिशेब स्वतःशी द्यावा लागतो. विवाह न करता मूल झालेली स्त्री खोटे बोलणारच, ही समजूत वाचकाच्या मनात दबून असते आणि कादंबरी तिला एकेक पान पुढे ढकलत उजेडात आणते. कारागिरीच्या दृष्टीने पायपर यांची रचना क्लार्क यांच्याइतकी घट्ट नाही. रात्रभर चाललेल्या शोधात काही ठिकाणी ती भरकटते. तरीही संशय कोणाचा, हा प्रश्न तिथे वाचकाला सुटत नाही. ऑटो प्रेमिंजर यांनी १९६५ मध्ये तिच्यावर चित्रपट काढताना कथा लंडनला नेली आणि नायिकेच्या सोबतीला एक भाऊ दिला. एकट्या स्त्रीचा शब्द एकटाच असावा, हे चित्रपटाला पेलले नसावे.

दुसरे उत्तर बेचाळीस वर्षांनी आले. एमा फ्लिंट या इंग्लिश लेखिकेची ‘लिटल डेथ्स’ (२०१७) ही कादंबरी क्रिमिन्स खटल्यावरच आधारलेली आहे. काळ १९६५, स्थळ क्वीन्स. तिची नायिका रूथ मेलोन वाढपीणच आहे, पतीपासून विभक्तच आहे, पुरुषांची सोबत तिला हवी असते आणि मुले नाहीशी झाल्यावरही पोलिसांपुढे जाण्याआधी ती आरशापुढे बसते. त्या आरशापुढच्या क्षणावर फ्लिंट यांनी बराच वेळ खर्च केला आहे. चेहरा नीट केल्याशिवाय ती बाहेरच्या नजरांना सामोरी जाऊ शकत नाही, आणि चेहरा नीट केला हाच बाहेर तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. वाचकाला रूथ आवडते असे नाही. तिच्या मद्यपानाचा, तुटकपणाचा त्याला त्रास होतो आणि तसा तो व्हावा हीच योजना आहे. नॅन्सीवर विश्वास ठेवणे सोपे होते. रूथवर ठेवताना वाचकाच्या मनातील ज्यूरी जागी होते. त्या कादंबरीतही दुर्बलता आहे. वार्ताहर पीट वोनिके याची रूथविषयीची ओढ पुष्कळ पाने खाते आणि पुन्हा एकदा स्त्रीची कथा पुरुषाच्या नजरेतून गाळून यावी लागते.

‘लिटल डेथ्स’ला स्त्रियांच्या लेखनासाठीच्या बेलीज पारितोषिकाच्या दीर्घ यादीत स्थान मिळाले. परीक्षकांनी आणि वाचकांनी तिला गंभीर वाङ्मय म्हणून वाचले. क्रिमिन्स खटल्याचा उल्लेख तिच्या संदर्भात सहजपणे होतो. क्लार्क यांच्या कादंबरीच्या संदर्भातही तो होतो, पण उगमाची एक मनोरंजक माहिती म्हणून, लेखिकेच्या वैधव्याच्या आणि स्वयंपाकघरातील टेबलाच्या ओळीत बसवून. क्लार्क यांनी त्या खटल्यातून काय उचलले आणि काय टाकून दिले, याची यादी करण्याचे काम समीक्षेने फ्लिंट येईपर्यंत लांबणीवर टाकले होते. केप कॉडच्या त्या घरातील झोपाळ्यापाशी सापडलेला लाल हातमोजा सगळ्यांना आठवतो. क्वीन्समधल्या स्त्रीने लावलेला ओठांचा रंग त्या कादंबरीत कोठे गेला, हे मात्र तिच्या परीक्षकांपैकी फारसे कोणी शोधले नाही.